इंगळेभाऊंचा गळका नळ

अकोल्यात माणसाची खरी किंमत तो आजारी पडल्यावर कळते. इंगळेभाऊंना एकदा ऐन मे महिन्यात ताप आला, तर सकाळी साडेसहापासून त्यांच्या दारात अख्खी गल्ली. कोणी पपई आणली, कोणी काढा, एकीने देवीचा अंगारा. सगळ्यांनी अगदी जीव तोडून विचारपूस केली. "कसं वाटून राह्यलं भाऊ आता?" एवढं विचारून झालं की माणूस जरा घुटमळायचा, पायातली चप्पल नीट करायचा आणि मग हळूच, "मंग, उद्या नळ येतीन ना?"

विसाव्या माणसाने हेच विचारल्यावर इंगळेभाऊंनी पांघरुणातून डोकं बाहेर काढलं आणि म्हणाले, "ताप मले हाय. पाइपाले नाही."

दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळेला, अंग तापलेलं असतानाच, लोखंडी चावी खांद्यावर टाकून हजर.

इंगळेभाऊ आमच्या भागातले वॉलमन. ज्यांच्या घरी तोटी फिरवली की पाणी येतं अशा भाग्यवंतांना हे समजावून सांगायला हवं. रस्त्याखालच्या मोठ्या पाइपातून कोणत्या गल्लीला कधी आणि किती वेळ पाणी सोडायचं ते या माणसाच्या हातात असतं. रस्त्यात विटांनी बांधलेले चौकोनी खड्डे असतात, वर लोखंडी झाकण. त्याला म्हणायचं चेंबर. चेंबरात वॉल, म्हणजे पाणी सोडायचा-अडवायचा व्हॉल्व्ह. झाकण उचलायचं, छातीइतकी उंच चावी आत बसवायची आणि आटे मोजत फिरवायची. आमच्याकडे उन्हाळ्यात पाचव्या दिवशी नळ यायचे. 'पाणी येतं' असं तिथे कोणी म्हणत नाही, 'नळ येतात' म्हणतात. जावई आल्यासारखे येतात, तासभर बसतात, सगळ्यांची धावपळ करतात आणि जातात.

मी मूळची अमरावतीची. बदलीवर अकोल्याच्या शाळेत आले आणि त्या गल्लीत नऊ वर्षं भाड्याने राहिले. आता अमरावती ते अकोला म्हणजे एसटीचा दोन-अडीच तासांचा रस्ता. पण आम्हा अमरावतीकरांना आपण कोणीतरी वेगळेच आहोत असं उगाच वाटत असतं. आल्या आल्या मी इंगळेभाऊंना गाठून सांगितलं, "अहो, पाणी सकाळी सातच्या आधी सोडत जा. मला शाळा असते."

त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. बुटका, काळासावळा, काटक माणूस. खाकी पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. शर्टाचा खिसा कायम फुगलेला. "म्याडम," ते म्हणाले, "शाळा तुमची हाय. पानी साऱ्याचं हाय."

झालं. पुढची नऊ वर्षं मी साडेसातलाच पाणी भरलं आणि शाळेत उशिरा पोचून मुख्याध्यापकांची बोलणी खाल्ली.

हे वाक्य त्यांनी मलाच ऐकवलं असं नाही. गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या एका पुढाऱ्याच्या मुलीचं लग्न होतं. गाडी पाठवून इंगळेभाऊंना बोलावलं, खुर्ची दिली, वर पेढा दिला आणि एक तास जादा पाणी मागितलं. इंगळेभाऊंनी पेढा खाल्ला. म्हणाले, "गोड हाय. पोरीले आशीर्वाद हाय. पानी तासभरच भेटन." पुढाऱ्याने टँकर मागवला आणि मनात राग धरला. इंगळेभाऊंचं काय वाकडं करणार होता? हा माणूस स्वतःच्याच घराला धार लावून देत नव्हता.

कारण त्यांचं स्वतःचं घर होतं लाइनीच्या पार शेवटच्या टोकाला. सगळ्यांच्या मोटारी ओढून ओढून जे उरेल ते त्यांच्याकडे यायचं, म्हणजे करंगळीएवढी धार. इंगळेवहिनी पाण्याचा गुंड काखेत घेऊन आमच्याकडे यायच्या. "लोकं समजतात वॉलमनच्या घरी गंगा हाय," वहिनी गुंड भरता भरता म्हणायच्या. "सत्तावीस वर्ष झाले लग्नाले, मी अजून दुसऱ्याच्याच नळावर उभी हाय." त्या हे रागाने बोलत नसत, हसत बोलत. पण मी त्यांच्या जागी असते तर ती चावी कधीच भंगारात दिली असती.

आटे मोजायची त्यांची रीत गल्लीत सगळ्यांना पाठ होती. सव्वीस आटे. मोठ्याने मोजायचे, अगदी शाळेतल्या कवायतीसारखे. पाचाला आमच्या नळातून हवा फुसफुसायची, बाराला खोकल्यासारखा आवाज यायचा, वीसला धार लागायची. आम्ही बाया बादल्या लावून त्या आवाजाकडे कान देऊन उभ्या. एखादा आटा मोजायला त्यांना जास्त वेळ लागला तर जीव वरखाली व्हायचा.

आणि खिसा का फुगलेला? त्यात वायसर असायचे. नळाच्या तोटीत बसते ती रबराची चकती. गळका नळ हा इंगळेभाऊंचा एकमेव शत्रू. कुठेही टप टप ऐकू आलं की हा माणूस न विचारता घरात शिरायचा. माझ्याकडे एकदा अमरावतीहून पाहुणे आले होते, मुलीच्या स्थळासंबंधी. बोलणी अगदी नाजूक जागी आलेली. तेवढ्यात इंगळेभाऊ सरळ मागच्या अंगणात गेले, तोटी उघडली, वायसर बदलला आणि येताना पाहुण्यांसमोर जुना वायसर धरून म्हणाले, "पाहा. सहा महिन्यांपासून सांगून राह्यलो. ज्या घरात नळ गळते त्या घरातलं मानूस बेपर्वा असते." स्थळ मोडलं. माझी मुलगी आजही म्हणते की इंगळेकाकांनी वाचवलं. तो भाग वेगळा. पण तेव्हा मी त्यांच्याशी दोन महिने बोलले नव्हते.

तर असा माणूस. आता दुसऱ्या एका मे महिन्याचं सांगते.

त्या वर्षी शहराबाहेरची मोठी लाइन फुटली आणि पाचव्या दिवशी येणारे नळ अकराव्या दिवसावर गेले. ऊन तर असं की दुपारी कुत्रीसुद्धा गाडीखालून बाहेर येईनात. इंगळेभाऊ ते अकरा दिवस फुटलेल्या लाइनीवर खपत होते. आमच्या गल्लीतल्या वॉलचं पॅकिंग, म्हणजे दांड्याभोवतीची सुतळी, गळत असे, वॉल उघडला की चेंबरात पाणी साठायचं. ते त्यांना माहीत होतं. मोठी लाइन कोरडी असतानाच ते बदलता येतं, आणि नेमके ते कोरडे दिवस त्यांचे दुसरीकडे गेले. दुसऱ्यांच्या नळाचा एक थेंब सहन न करणाऱ्या माणसाचा स्वतःचा वॉल गळत राहिला.

अकराव्या दिवशी सकाळी ते आले तेव्हा गल्लीत युद्धाची तयारी होती. ड्रम, बादल्या, पातेली, एकीने तर बाळाचा टब आणलेला. मला त्या दिवशी नऊची अमरावतीची गाडी पकडायची होती, भाचीचा साखरपुडा होता. इंगळेभाऊ एरवी झाकण उचललं की आधी आत वाकून पाहायचे. बेडूक निघायचे, एकदा साप निघाला होता. त्या दिवशीही ते वाकायला लागले, आणि मी ओट्यावरून ओरडले, "अहो इंगळेभाऊ, पाहत काय बसलात! हात चालवा लवकर! माझी गाडी जाईल!"

माझ्यामागून सगळ्या ओरडल्या. समोरच्या मालतीबाईंचा आवाज तर भोंग्यासारखा. इंगळेभाऊंनी न पाहताच चावी बसवली.

एक, दोन, तीन. नळ फुसफुसले. बारा. खोकले. अठरा, एकोणीस.

एकोणीसवर मोजणं थांबलं. पाच वर्षांत पहिल्यांदा.

"वीस! वीस म्हना, भाऊ!" मालतीबाई. आणि खोटं कशाला बोलू, मीही ओरडले. इंगळेभाऊंनी चावी सोडली आणि ते रस्त्यावर पालथे पडले. खांद्यापर्यंत हात चेंबरात घातला. एक काहीतरी चिंधीसारखं बाहेर काढून ठेवलं. मग दुसरं. मग तिसरं. आम्ही जवळ गेलो तेव्हा कळलं, मांजरीची पिल्लं. झाकणाचा एक कोपरा तुटलेला होता. अकरा दिवस कोरडं पडलेलं चेंबर ही गल्लीतली सगळ्यात थंड जागा, तिथे मांजरीने पिल्लं आणून ठेवलेली. तीन गेली होती. चौथं विटेच्या खाचेला नखं रुतवून लोंबकळत होतं, ते त्यांनी ओढून काढलं आणि शर्टात टाकलं.

मग उठले, चावी धरली आणि उरलेले सात आटे फिरवले. पण मोजले नाहीत. विसाव्याला धार लागली, आम्ही बादल्यांकडे धावलो. मीसुद्धा. गाडी पकडली, साखरपुड्याला गेले, जिलबी खाल्ली.

दोन दिवसांनी परत आले तर मालतीबाई दारातच. "म्याडम, इंगळेभाऊ पागल झाले. पिल्लाले पानी पाजून राह्यले अन् ते काही पेत नाही."

मांजर एकदा येऊन हुंगून गेली होती, ती पुन्हा फिरकली नव्हती. महिन्या-सव्वा महिन्याचं करडं पिल्लू, मुठीत मावेल एवढं. त्याला पाहायला सगळी गल्ली लोटलेली आणि प्रत्येकीच्या हातात दूध. मालतीबाईंनी म्हशीचं दूध आणलं, साय न काढता. "ताकद येते," म्हणाल्या. पिल्लाने ते प्यायलं आणि रात्रीपासून त्याला जुलाब लागले. वाटीभर पाणी समोर ठेवलं की पिल्लू वाटी पाहूनच मागे सरायचं, भिंतीला पाठ लावून थरथरायचं. तिसऱ्या दिवशी तर ते मान टाकून पडलं.

इंगळेभाऊ माझ्या दारात उभे राहिले. खांद्यावर चावी नव्हती, कापडी पिशवी होती. "म्याडम, तुमची स्कूटी हाय. जनावराच्या दवाखान्यात नेऊन द्या. मले गाडीवर त्याले धरून बसनं हाय." पाच वर्षांत त्यांनी मला मागितलेली ही पहिली गोष्ट.

दवाखान्यात डॉक्टर एक तरुण मुलगी होती, शेंदूरजनाघाटची, संत्र्याच्या बागायतदाराची लेक. तिने पिल्लाच्या मानेमागची कातडी चिमटीत धरून उचलली आणि सोडली. कातडी तशीच उभी राहिली. हिरडीला बोट लावून पाहिलं, कोरडी. "काका, याच्या अंगात पाणीच उरलं नाही. कातडी सोडल्याबरोबर खाली बसली पाहिजे. म्हशीचं दूध दिलं ना?"

"साऱ्या गल्लीनं देल्लं," इंगळेभाऊ म्हणाले.

"म्हणजे सगळ्यांनी मिळून आजारी पाडलं. ते त्याला पचत नाही, उलट अंगातलं पाणी काढून टाकतं. याची आई कुठे आहे?"

इंगळेभाऊंनी पिशवीची कड बोटांना गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. "आई गेली सोडून. तीन भावंडं होते. मी वॉल खोलला तं चेंबरात बुडून मेले. पाह्याचं होतं मले आधी, पाह्यलं नाही."

मी शेजारच्या स्टुलावर बसले होते. मला तेव्हाच म्हणायला हवं होतं, की अहो, तुम्ही पाहतच होतात, मी ओरडले म्हणून राहिलं. शाळेत चाळीस पोरांना सत्य बोला म्हणून सांगणारी बाई, पण त्या दवाखान्यात मी पर्स उघडून फीचे पैसे मोजायला लागले.

डॉक्टरने पिल्लाच्या पाठीवर कातडीखाली सलाइन दिलं. पाण्याचा फुगा आल्यासारखा झाला आणि हळूहळू जिरला. मग तिने औषधाचं पाणी दिलं, पिल्लांसाठीची दुधाची पावडर दिली आणि एक ड्रॉपर दिला. "आता हे दर दोन तासांनी पाजायचं. थोडं थोडं."

"दोन घंट्यानं?" इंगळेभाऊंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "पाचव्या दिवशी एक घंटा मोठी धार देल्ली तं नाही चालनार काय?"

ती हसली. त्यांनी मात्र गंभीरपणे विचारलं होतं. जन्मभर ज्याने तसंच पाणी पाजलं त्याला दुसरं काय सुचणार?

"काका, आमच्या बागेत संत्र्याला ठिबक आहे. तसं समजा. एकदम पूर आणला तर पाणी वाहून जातं. थेंब थेंब, मुळाशी. पिल्लाला उताणं धरायचं नाही, पाणी फुफ्फुसात जाईल. पोटावर बसवायचं, तोंडाच्या कडेने एकेक थेंब सोडायचा, त्याने गिळला की पुढचा. आणि हे कायमचं नाही हं. अंगात जीव आला की त्याने स्वतः प्यायला शिकलं पाहिजे."

परतताना रेल्वे फाटकाशी थांबलो तेव्हा मागून आवाज आला, "म्याडम, हे जगलं पाह्यजे. हे एक तरी." मी हो म्हणाले.

त्या दिवसापासून इंगळेभाऊंच्या ड्युटीत नवा वॉल आला. कापडी पिशवी गळ्यात, पिशवीत पिल्लू, शर्टाच्या खिशात वायसरांच्या जोडीला ड्रॉपर. गल्लोगल्ली वॉल उघडत फिरायचे आणि दोन तास झाले की असतील तिथे सावलीला मांडी घालून बसायचे. एक थेंब, गिळला का पाहायचं, दुसरा थेंब. दर वेळी मानेमागची कातडी उचलून सोडायची. बसली की मान डोलवायची. लोक बघायला जमायचे. ज्या माणसाने पुढाऱ्याला तासभर जादा पाणी दिलं नाही, तो एका मांजरीच्या पिल्लापुढे दिवसातून दहादा हात जोडल्यासारखा बसतो, याची गल्लीला फार मजा वाटायची. वहिनी म्हणायच्या, "मले कधी घोटभर पानी आनून देल्लं नाही यायनं. तरी बरं, पिल्लू मादी हाय. बाईमानसाची सेवा करनं शिकून राह्यले."

पंधरा दिवसांत पिल्लू टुणटुणीत झालं. नरम खाणं खायला लागलं, वहिनींचा पदर ओढायला लागलं. पण पाणी? ड्रॉपरने प्यायचं, नुसतं. वाटी दिसली की भिंतीला पाठ. स्टीलची वाटी ठेवून पाहिली, मातीचं पसरट भांडं ठेवून पाहिलं, चिनी मातीची बशी ठेवून पाहिली. जेवणापासून लांब ठेवून पाहिलं, खिडकीत ठेवून पाहिलं. एका बादलीवरून एकमेकींच्या झिंज्या धरणाऱ्या बाया, त्यांनी आपापल्या ओट्यावर पिल्लासाठी पाण्याचं भांडं भरून ठेवलं, आणि ते रोज बदललंही! सगळ्या भांड्यांतून चिमण्या प्यायल्या, खारी प्यायल्या. पिल्लू लांबून पाहायचं आणि थरथरायचं. खाण्यात कालवून किती पाणी जाणार? दोन दिवस ड्रॉपर जरा कमी झाला की कातडी पुन्हा हळू बसायला लागायची. साठलेलं पाणी म्हणजे काय हे त्या जिवाला कळलं होतं, ते आता कसं विसरणार?

गल्लीने त्याला नावंही सुचवली. इंगळेभाऊ म्हणाले, "पानी पेल्याशिवाय नाव ठेवाचं नाही. नाव ठेवलं अन् गेलं तं?"

मग एका नळाच्या दिवशी वहिनींना नांदगाव खंडेश्वरला माहेरी जायचं होतं. इंगळेभाऊ सकाळी पिल्लू माझ्याकडे सोडून गेले. नळ आले, मी मागच्या अंगणात ड्रम भरला आणि तोटी बंद केली. बंद केली म्हणजे आमच्या पद्धतीने. टप. टप. टप. वायसर पुन्हा गेला होता, आणि मी ते लपवून ठेवलं होतं, कोण बोलणी खाणार!

पिल्लू आधी उंबऱ्यात थांबलं. मग पोट जमिनीला घासत पुढे आलं. थेंब फरशीवर फुटला, ते दचकून मागे गेलं. पुन्हा आलं. पुढच्या थेंबाला पंजा मारला. पंजा ओला झाला तो चाटला. पुन्हा मारला, पुन्हा चाटला. आणि मग त्या एवढ्याशा जिवाने मान वाकडी केली, तोटीखाली तोंड नेलं आणि जीभ बाहेर काढली.

मी तशीच ओल्या हातांनी रस्त्यावर पळाले. "इंगळेभाऊ! अहो इंगळेभाऊ, या! पितंय ते!"

ते चावी तिथेच टाकून आले. अंगणाच्या दारात उभे राहिले. समोर गळका नळ, सहा महिन्यांचा नाही तर चांगला वर्षभराचा. सवयीने हात खिशात गेला. वायसर बोटांत आलेले मला दिसले. आणि हात तसाच रिकामा बाहेर आला.

"राहू द्या, म्याडम," ते एकदम हळू म्हणाले. "गळू द्या त्याले."

मग खाली बसले आणि मोजायला लागले. पिल्लू एकेक थेंब झेलत होतं आणि हे मोजत होते, "एक. दोन. तीन." पिल्लं बुडाली त्या सकाळपासून त्यांनी आटे मोठ्याने मोजले नव्हते. सतरा, अठरा, एकोणीस. "वीस," इंगळेभाऊ म्हणाले आणि डोळे पुसले. सव्वीसपर्यंत मोजून ते उठले. पिल्लाचं नाव थेंबी ठेवलं.

आता प्रश्न असा, की नळ पाचव्या दिवशी येणार आणि मांजरीला तहान रोज लागणार. इंगळेभाऊंनी घरात उंच स्टुलावर एक छोटा ड्रम ठेवला, त्याला तोटी बसवली, पण तोटी गळेना. गळणार कशी, बसवणारे इंगळेभाऊ! हातच तसा बसलेला. तीन वेळा उघडली, तीन वेळा चोख बसली. शेवटी हा माणूस दारोदार फिरला, "कोनाकडे जुना खराब वायसर हाय काय?" ज्यांचे खराब वायसर त्याने आयुष्यभर काढून फेकले त्या सगळ्यांनी पोट धरून हसून घेतलं. मालतीबाईंनी तर व्याजासकट वसूल केलं. रोज सकाळी त्यांच्या दारावरून जाताना ओरडायच्या, "अवो इंगळेभाऊ! तुमचा नळ गळून राह्यला! ज्या घरात नळ गळते त्या घरातलं मानूस कसं असते म्हने?"

"बेपर्वा," इंगळेभाऊ आतून उत्तर द्यायचे, अगदी समाधानाने.

त्यातही त्यांचा स्वभाव गेला नाही. तोटीखाली पातेलं ठेवलेलं, साठलेलं पाणी थेंबीला दिसू नये म्हणून वर चाळणी; थेंबीने पिऊन सांडलेलं सगळं त्यात साठायचं आणि संध्याकाळी गाळून पुन्हा ड्रममध्ये. म्हणजे नळ गळायचा चोवीस तास, पण वाया जायचं नाही. आणि थेंबी मोठी होत चालली तरी कातडी उचलून सोडायचा नियम चालूच. ती फिसकारायची, बोचकारायची. हे म्हणायचे, "बस्ली. बस्ली लवकर."

एक गोष्ट मात्र गल्लीच्या गैरसोयीची झाली. त्यानंतर इंगळेभाऊ कधी वेळेवर आले नाहीत. यायचे वेळेवर, पण वॉल उघडायला उशीर. प्रत्येक चेंबरपाशी झाकण बाजूला करायचं, रस्त्यावर पालथं पडायचं, बॅटरीने चारही कोपरे पाहायचे, मग हात घालून चाचपायचे. पॅकिंग त्यांनी कधीच बदललं होतं, झाकणाचा तुटका कोपराही बुजवला होता, मुंगी शिरायला जागा नव्हती. तरी पाहायचे. तीन-चार मिनिटं तरी जायची. बावीस चेंबर, म्हणजे शेवटच्या गल्लीपर्यंत तासाचा उशीर. तक्रारी झाल्या. लोकांनी बोलून पाहिलं, भांडून पाहिलं. ते सगळं ऐकून घ्यायचे आणि पुढच्या चेंबरपाशी पालथे पडायचे.

मी निवृत्त होऊन अमरावतीला परत निघाले तो नेमका नळाचा दिवस होता. ट्रक दारात उभा, कपाट चढवून झालेलं. आमच्या जागी नवीन आलेली भाडेकरीण रिकाम्या बादल्या लावून ओट्यावर उभी. इंगळेभाऊ चावी घेऊन आले. केस पांढरे, पाठ जराशी वाकलेली. त्यांचीही नोकरी संपत आली होती.

मी जवळ गेले. नऊ वर्षांतली शेवटची चार वर्षं जे तोंडात अडकलं होतं ते म्हटलं, "इंगळेभाऊ, त्या दिवशी तुम्ही चेंबरात पाहत होतात. आधी ओरडले ती मी होते. गाडीसाठी. तुम्हाला कधी सांगितलं नाही."

"मालूम हाय ना, म्याडम," ते म्हणाले. "तुमचाच आवाज मोठा हाय. अमरावतीचा."

त्यांनी झाकण सरकवलं. "पन चावी माह्या हातात होती," असं म्हणाले, आणि गुडघे टेकून रस्त्यावर पालथे झाले. खांद्यापर्यंत हात आत. गाल डांबराला टेकलेला. दूर त्यांच्या घराच्या उंबऱ्यात करडी थेंबी बसून पंजा चाटत होती.

"ओ काका!" नवी भाडेकरीण ओरडली. "पाह्यत काय बसले? हात चालवा ना लवकर!"

"थांब ना बाई जरा," मी म्हणाले. "पाहून राह्यले ते."

तिने माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. मी ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसले आणि आरशात पाहत राहिले. चेंबरातून इंगळेभाऊंचा घुमलेला आवाज येत होता, "कोनी हाय काय? हाय काय कोनी?" मग ते गप्प राहिले, उत्तराची वाट पाहावी तसे.

आमचा ट्रक गल्लीच्या तोंडाशी वळला तोपर्यंत नळ काही आले नव्हते.